घर पाडण्याआधी पत्र्याची चौकशी

होसूर रोड आणि सर्जापूर रोड या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेली एचएसआर लेआउट ही बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली वसाहत. सात सेक्टर, सरळ रस्ते, तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांच्या साइट आणि त्यांवर आयुष्यभराच्या बचतीतून हौसेने बांधलेली एक-दोन मजल्यांची घरे, असे तिचे जुने रूप होते. आता त्यातील कित्येक घरे पाडली जात आहेत आणि त्याच जागी चार-चार मजले, पेइंग गेस्टच्या खोल्या, लहानमोठी कार्यालये उभी राहत आहेत. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी आलेली आणि इथेच रमलेली मराठी कुटुंबेही या घडामोडीत आहेत. कोणी घरमालक म्हणून, कोणी शेजारी म्हणून.

घर पाडायचे ठरले की नकाशाची मंजुरी, बँकेचे कर्ज, वर्षभरासाठी भाड्याचे घर, मुलांच्या शाळेची बस अशी धावपळ सुरू होते. पाडकाम मात्र एका फोनवर ठरते. ठेकेदार येतो, घराभोवती एक चक्कर मारतो, खिडक्यांच्या ग्रिल, सागवानी चौकटी आणि लोखंडी सळ्या यांची किंमत मनात धरून सौदा करतो. गच्चीवरच्या शेडचे राखाडी पत्रे आणि मागच्या भिंतीला लागून खाली गेलेला तसाच राखाडी पाइप यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. धड निघालेले पत्रे मजुरांच्या झोपडीवर चढतात, फुटलेले राडारोड्यात जातात. बहुतेक वेळा पहिला घण त्यांच्यावरच पडतो, कारण ते सर्वांत वर असतात आणि एका फटक्यात फुटतात.

आपल्याकडे या पत्र्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतात. कोकणातला गोठा असो की पुण्यातल्या वाड्याची मागची पडवी, हे पन्हळी पत्रे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. बंगळूरमध्ये त्यांचे नाव आहे ‘ए.सी. शीट’. भाड्याच्या पाटीवर ‘ए.सी. शीट हाउस’ असे वाचून नवखा भाडेकरू सुखावतो खरा, पण एप्रिलमध्ये ती खोली भट्टीसारखी तापते. इथे ए.सी. म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. मराठी नावात ॲस्बेस्टॉस गाळले गेले, कानडी मुलखातल्या नावात ते दोन अक्षरांमागे लपले.

धोका कधी, कोणाला?

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. पत्र्यात त्याचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो, बाकी मुख्यतः सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोपर्यंत पत्र्याखाली राहणाऱ्याने धास्तावून जाण्याचे कारण नाही. पत्रा फोडला, करवतीने कापला, त्याला ड्रिलने भोक पाडले किंवा कोरड्या ब्रशने शेवाळ खरवडले की तंतू हवेत मिसळतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, नाकाला वास येत नाही, ठसकाही लागत नाही. श्वासाबरोबर आत गेलेले तंतू फुफ्फुसात खोल रुतून बसतात. त्यातून फुफ्फुस कडक होण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा विकार, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. मेसोथेलिओमा तर वीस ते पन्नास वर्षांनीही डोके वर काढतो. घण मारणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाला आज काहीच होणार नाही, हीच या प्रकरणातली सर्वांत फसवी गोष्ट.

जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानले आहेत. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, म्हणजे क्रायसोटाइलवर बंदी घातली (निळ्या आणि तपकिरी प्रकारांवर ती १९८५ पासूनच होती), युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, अमेरिकेने क्रायसोटाइलबाबत २०२४ साली निर्णय घेतला. भारतात पत्र्यांच्या उत्पादनावर बंदी नाही. त्यासाठी लागणारे ॲस्बेस्टॉस परदेशातून येते आणि पत्रे राजरोस विकले जातात.

हे आजार परदेशातल्याच माणसांना होतात असे समजण्याचे कारण नाही. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली होती. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी पाचातल्या एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता. शिवाय हा आजार कामगारापाशी थांबत नाही. धुळीने भरलेले कपडे घरी आणणाऱ्याची पत्नी ते झटकून धुते, आणि अशा स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे अनेक देशांतील डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

एक ओळ अशी, एक ओळ तशी

मग पाडकामाआधी करायचे काय? इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची जाणकाराकडून पाहणी करून घ्यायची आणि लेखी अहवाल घ्यायचा. ब्रिटनमध्ये कार्यालये, शाळा, दुकाने आणि फ्लॅटच्या इमारतींमधील सामाईक जागा यांची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याने तेथील ॲस्बेस्टॉस शोधून त्याची नोंद ठेवावी असा कायदाच आहे. आपल्याकडे राहत्या घरासाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे अहवाल मागणारे थोडे आणि चांगला अहवाल कसा असतो हे माहीत असणारे त्याहून थोडे. पैसे मोजून हाती येते ती चाळीस पानांची गुळगुळीत फाइल. त्यात पंधरा पाने ॲस्बेस्टॉसचा इतिहास, दहा पाने कायदे, आणि कामाची ओळ एकच: ‘टेरेसवर ॲस्बेस्टॉसजन्य सामग्री आढळली, योग्य ती काळजी घ्यावी.’

ही ओळ वाचून ठेकेदाराने काय करावे? कोणता पत्रा? किती? काळजी म्हणजे कोणती?

समजा, एचएसआरमधल्या एका दुमजली घराची पाहणी झाली. उपयोगी अहवालात तीच नोंद अशी येईल: ‘गच्ची, जिन्याच्या खोलीला लागून पूर्वेची शेड. पन्हळी पत्रे आठ, प्रत्येकी सुमारे तीन मीटर लांब. रंग दिलेला नाही. दक्षिणेकडच्या दोन पत्र्यांना तडे, एकाचा कोपरा तुटलेला, तुकडे खाली गच्चीवर पडलेले. नमुना क्रमांक ४, प्रयोगशाळेत क्रायसोटाइल आढळले. फोटो ७ आणि ८. बोल्ट कापून पत्रे अखंड उतरवावेत. पत्र्यावर पाय देऊ नये.’

शेवटच्या वाक्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हे पत्रे जुने झाले की माणसाचे वजन पेलत नाहीत. कर्करोग वीस वर्षांनी होईल न होईल, पत्र्यातून कोसळलेला मजूर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जातो. ॲस्बेस्टॉसचा अहवाल लिहिणाऱ्याने केवळ तंतूंचाच विचार केला आणि हे सांगितले नाही, तर त्याने छप्पर नीट पाहिलेच नाही म्हणायचे.

जागेचे वर्णन इतके नेमके असावे की घर कधीही न पाहिलेला माणूस कागद हातात धरून त्या पत्र्यापाशी जाऊन उभा राहू शकेल. त्यासाठी मजल्यांचा साधा आराखडा हवा आणि त्यावर नमुन्यांचे क्रमांक हवेत. फोटो असतातच, पण नुसत्या राखाडी पृष्ठभागाचा जवळून काढलेला फोटो घरात कुठलाही असू शकतो. एक फोटो दुरून, ज्यात भिंत किंवा दार ओळखू येईल, आणि एक जवळून, अशी जोडी असेल तरच उपयोग.

प्रमाणाचा आकडा का महत्त्वाचा, हे एका जहाजाच्या प्रकरणाने सगळ्या जगाला दाखवून दिले. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका मोडीत काढण्यासाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली होती. तिच्यात अजून किती ॲस्बेस्टॉस शिल्लक आहे यावर वाद पेटला. सरकारचा आकडा काही दहा टनांचा, तर विरोधकांचा शेकडो टनांचा. मग असेही उघड झाले की फ्रान्समध्ये काढून टाकल्याचे सांगितलेले ११५ टन वजनकाट्यावर ८५ टनच भरत होते. मधले तीस टन गेले कुठे, याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाकडेही नव्हते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नौकेला देशाच्या हद्दीत येण्यापासून थोपवले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावले. एवढे प्रगत राष्ट्र, एवढी मोठी नौका, आणि अडले ते यादीवर. घराचा व्याप त्यामानाने केवढासा! आठ पत्रे निघायचे असतील तर आठ पत्रे गेल्याची पावती जुळली पाहिजे. अहवालात संख्या नसेल तर जुळवणार कशाशी?

न पाहिलेल्या जागा

अहवाल खरा किती, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पाहणी करणाऱ्याने कोणकोणत्या जागा पाहिल्या नाहीत याची यादी त्यात आहे का, ते आधी पाहावे. कुलूपबंद देवघर, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, पाण्याच्या टाकीमागची सांदी, फरशीखालचा पाइप, भाडेकरूने उघडू न दिलेली खोली. दोन तासांत अख्खे घर कोणीही पाहू शकत नाही, त्यामुळे अशी यादी असणे यात कमीपणा नाही. ती नसेल तर मात्र संशय घ्यावा. ब्रिटनमधील पद्धत याबाबत कडक आहे: जी जागा पाहिली नाही, तिथे ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालायचे, जोवर उलट सिद्ध होत नाही.

म्हणूनच ‘ही इमारत ॲस्बेस्टॉसमुक्त आहे’ असा दाखला देणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. प्रामाणिक माणूस फार तर एवढेच लिहील, की पाहिलेल्या भागांत आणि तपासलेल्या नमुन्यांत ॲस्बेस्टॉस आढळले नाही.

पाहणीचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत सर्वांत महागात पडते. पहिली पाहणी राहत्या घराची. तिच्यात भिंती फोडत नाहीत, छत उघडत नाहीत. रोजच्या वावरात कुठे धक्का लागू शकतो, कुठे पत्रा झिजला आहे, एवढेच तपासतात. दुसरी पाहणी नूतनीकरणाआधीची किंवा पाडकामाआधीची. तिच्यात फॉल्स सीलिंग उतरवतात, पाइपची खोकी उघडतात, फरशीचा कोपरा उचलतात. घर त्यासाठी रिकामे असावे लागते. काही वर्षांपूर्वी केलेला पहिल्या प्रकारचा अहवाल दाखवून घर पाडायला घेणे म्हणजे एक्स-रे न काढता शस्त्रक्रिया करण्यासारखे. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, पाहणी कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेची आणि कोणत्या कामासाठी केली हे लिहिलेले हवे.

नव्वदीच्या दशकातल्या घरात गच्चीच्या शेडखेरीज शोधायचे तरी काय? गाडीच्या पोर्चवरचे पत्रे, प्लॅस्टिकचे पाइप सर्रास येण्याआधीचे पावसाच्या पाण्याचे पाइप, संडासाच्या वायुनलिकेचा टोपीसह वर गेलेला तुकडा, छताला किंवा आडोशाला लावलेले सपाट सिमेंटचे तक्ते. मोठ्या इमारतीत बॉयलर आणि गरम पाइपांभोवतीची जुनी वेष्टने. ही वेष्टने पत्र्याहून कितीतरी ठिसूळ आणि म्हणून अधिक घातक. अगारा, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य यांसारखी मूळ गावे लेआउटच्या पोटात आणि कडेला अजून आहेत. जुन्या गाव-वस्तीतल्या बैठ्या घरांची छपरे पाहताना तर डोळ्यांत तेल घालावे लागते.

डोळ्यांनी पाहून मात्र खात्री होत नाही. दुसरे तंतू वापरलेले, ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे तक्ते आणि पत्रेही बाजारात आहेत आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. यासाठी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात. एका जातीच्या पत्र्यांतून एक-दोन नमुने पुरतात. प्रयोगशाळेला त्या तपासणीसाठी एनएबीएलची मान्यता आहे का, हे विचारायला संकोच करू नये. तिचा मूळ दाखला अहवालाला जोडलेला असावा, नुसता निकाल उतरवून घेतलेला नसावा. घरमालकाने पक्कड घेऊन स्वतः तुकडा तोडण्याचा उत्साह मात्र दाखवू नये. जाणकार माणूस जागा ओली करून, तोंडाला योग्य मास्क लावून, लहानसा तुकडा काढतो आणि ती जागा लगेच बंद करतो. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरा मार्ग आहे. सगळे राखाडी पत्रे ॲस्बेस्टॉसचेच समजून काम करायचे. अहवालात ‘तपासले’ आणि ‘समजून चाललो’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या की झाले.

चार गुणांचा पत्रा

परदेशी पद्धतीचे अहवाल प्रत्येक वस्तूला गुण देतात. वस्तूचा प्रकार, तिची मोडतोड, वरचे आवरण आणि ॲस्बेस्टॉसची जात, अशा चार बाबींचे मिळून जास्तीत जास्त बारा. दहा आणि त्यावर म्हणजे तंतू सुटण्याची शक्यता मोठी, चार किंवा कमी म्हणजे अगदी थोडी. थोडासा तडकलेला साधा पत्रा या हिशेबात चार गुणांवर येतो. मालक ते वाचतो, ‘अगदी थोडी’ या शब्दांनी निर्धास्त होतो आणि ठेकेदाराला हिरवा कंदील दाखवतो.

इथेच घोटाळा होतो. ते गुण पत्र्याचे आहेत, जागच्या जागी पडून असलेल्या पत्र्याचे. उद्या त्याच्यावर घण पडणार आहे, खाली मजुराची बायको विटा वेचणार आहे आणि वाळूच्या ढिगावर तिचे मूल खेळणार आहे, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. कोण जवळ जाणार, किती वेळा, आणि काय काम होणार, याचा विचार अहवालात वेगळा झाला पाहिजे. ज्या अहवालात फक्त गुणांचा तक्ता आहे आणि हा विचार नाही, तो अर्धाच आहे, मग त्याची बांधणी कितीही देखणी असो.

उलट बाजूही तितकीच खरी. घर पाडायचे नसेल, पत्रे धड असतील, तर अहवालाने ते तसेच राहू द्यावेत असे सांगायला कचरू नये. दरवर्षी एकदा पाहावे, तडे वाढले का नोंदवावे, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये, टीव्हीची तार नेण्यासाठी भोक पाडू नये, एवढे पुरते. सगळेच काढून टाका असा धोशा लावणारा सल्लागार पत्रे काढण्याचे कंत्राटही स्वतःच घेत असेल, तर त्याच्या सल्ल्याला किती वजन द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पाहणी एकाकडून आणि काम दुसऱ्याकडून, हेच बरे.

आता प्रश्न उरतो वाचणाऱ्याचा. अहवाल इंग्रजीत असतो, मालकाच्या कपाटात असतो, आणि घण ज्याच्या हाती असतो तो कलबुर्गी किंवा रायचूरकडून आलेला, कधी बिदरच्या सीमेवरचा मराठी बोलणारा, तर कधी बिहारचा. त्याच्यासाठी एक सुटे पान हवे. घराचे साधे चित्र, पत्रे आणि पाइप लाल रंगात, आणि खाली कन्नड व हिंदीत मोजकी वाक्ये: हे फोडू नका. आधी पाणी मारा. बोल्ट कापून अखंड उतरवा, वरून फेकू नका. कोरडा झाडू मारू नका. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा. राडारोड्यात मिसळू नका. मुकादमाला हे पान वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतात. काम सुरू होण्याच्या सकाळी घरच्या कोणीतरी तिथे उभे राहून ती द्यावीत.

उतरवलेले पत्रे जाणार कुठे, हेही अहवालात आधीच लिहिलेले असावे. रात्रीच्या अंधारात तळ्याच्या काठी ट्रॅक्टर रिकामा करणे ही बंगळूरची जुनी खोड आहे. घातक कचरा घेण्याचा परवाना कोणाकडे आहे, हे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येते. खर्च वाढतो यात शंका नाही. म्हणूनच तो ठेकेदाराशी सौदा ठरण्याआधी माहीत असला पाहिजे. सौदा ठरल्यावर कळलेला खर्च कोणीच करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. आजार उशिरा येतो हे ओळखूनच ही मुदत घातली गेली. घराच्या अहवालाला असा कोणताही आदेश लागू नाही. पण ज्या फाइलमध्ये साइटचे खरेदीखत आणि मालमत्ता कराच्या पावत्या असतात, त्याच फाइलमध्ये तो ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. पत्रे काढून झाले की नोंदीसमोर तारीख घालावी, किती गेले आणि कोणी नेले ते लिहावे, वजनाची पावती मागे टाचावी. न काढलेला पाइप जमिनीखाली राहून गेला असेल, तर तेही नव्या घराच्या नकाशावर खूण करून ठेवावे. तो पाइप कधीतरी दुसरा कोणीतरी खणणार आहे.